चाकांवरच्या घरातले पाणी

माळव्यातील मराठी घरांना प्रवासातील पाण्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. आमच्या लहानपणी स्टेशनावर निघताना फिरकीचा तांब्या भरला की नाही, याची चौकशी तिकिटांच्या आधी होत असे. आणि उन्हाळ्यात मोटारीच्या बाजूस कॅनव्हासची छागल टांगल्यावाचून कोणी लांबचा पल्ला धरीत नसे. अमेरिकेत मात्र अवघे घरच चाकांवर चढवून हिंडणारी कुटुंबे आहेत. मोटारीच्या मागे जोडलेल्या ट्रेलरमध्ये पलंग, शेगडी, मोरी, सारे काही असते. त्यांचा फिरकीचा तांब्या म्हणजे पलंगाखाली बसविलेली दीड-दोनशे लिटरांची टाकी! ती टाकी भरणे हे एक शास्त्रच आहे, आणि ते मला गेल्या हिवाळ्यात जवळून पाहावयास मिळाले.

माझे धाकटे बंधू ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरी राहतात. त्यांनी आम्हां उभयतांस आणि आमच्या एकोणऐंशी वर्षांच्या आईस सहा दिवसांसाठी क्वार्ट्‌झसाइट येथे नेले. हे गाव फिनिक्सच्या पश्चिमेस सुमारे सव्वाशे मैलांवर, ऐन वाळवंटात आहे. कायमची वस्ती अडीच हजारांच्या आत. परंतु हिवाळ्यात थंड प्रदेशांतील निवृत्त मंडळी हजारो ट्रेलर घेऊन येथे उतरतात. एरवी अशा ट्रेलरांसाठी जे सजविलेले तळ असतात, तेथे प्रत्येक जागेपाशी वीज, नळ आणि सांडपाण्याचे तोंड तयार असते. या जोडण्यांस तिकडे ‘हूकअप’ म्हणतात. पण अमेरिकेच्या भूव्यवस्थापन खात्याकडे सुमारे साडेचोवीस कोटी एकर सरकारी जमीन आहे, आणि तिच्यावर बहुतेक ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत कोणासही विनामूल्य तळ ठोकता येतो. क्वार्ट्‌झसाइटजवळच्या ला पोसा येथे तर परवाना घेऊन सबंध हिवाळा काढता येतो. ही दीर्घ मुक्कामाची योजना १९८३ पासून चालू आहे. मात्र जागेपाशी नळ नाही. पाणी आपले आपण न्यावयाचे.

अशा ट्रेलरला पाणी घेण्याची दोन तोंडे असतात, आणि नवख्या माणसाची फसगत येथेच होते. एका तोंडातून नळाचे दाबाचे पाणी थेट घरातील तोट्यांना जाते; टाकीशी त्याचा बहुधा संबंध नसतो. दुसरे तोंड टाकीचे. पहिल्यास नळी लावून तासभर भरले तरी टाकी कोरडीच राहते आणि वाळवंटात पोचल्यावर पंप नुसता घरघरतो. हा पंप बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि टाकीतील पाणी तोट्यांपर्यंत पोचवितो. टाकीत पाणी शिरावयाचे तर आतली हवा बाहेर पडावयास हवी. म्हणून नळ सावकाश सोडावयाचा. घाई केली की टाकी उचकी लागल्याप्रमाणे पाणी तोंडावर उलट फेकते. खालच्या सांडव्यातून धार लागली, की टाकी भरली.

भरण्याच्या आधीचे काम अधिक महत्त्वाचे. महिनोन् महिने बंद असलेल्या टाकीत बुळबुळ धरते. बंधूंनी दोन दिवस आधी पंधरा गॅलनांस पाव कप, म्हणजे सुमारे सत्तावन्न लिटरांस साठ मिलिलिटर, या प्रमाणात साधे बिनवासाचे ब्लीच पाण्यातून टाकीत घातले, प्रत्येक तोटीला त्याचा वास येईपर्यंत पाणी सोडले, ते रात्रभर तसेच ठेवले आणि मग दोनदा धुऊन काढले. नळीही बागेची चालत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी निराळी, बहुधा पांढरी किंवा निळी नळी मिळते. तिचे तोंड जमिनीला टेकू द्यावयाचे नाही, हा नियम. आईला हे सोवळे एकदम पसंत पडले.

आता वजनाचा हिशेब. एक गॅलन पाणी पावणेचार लिटरांहून किंचित अधिक, आणि एक लिटर म्हणजे एक किलो. आमची टाकी पन्नास गॅलनांची, तेव्हा एकशे एकोणनव्वद किलो भार वाढला. सर्वांनी घेतलेल्या कपड्यांपेक्षा हा भार जड! म्हणून तळाजवळ खात्रीचे पाणी असेल तर पुष्कळ लोक अर्धी टाकीच घेऊन निघतात. बंधूंनी पूर्ण भरून घेतली, कारण सोबत आई होती, आणि अपरिचित पाण्याने तिचे पोट बिघडले तर मोठे इस्पितळ जवळ नव्हते.

एक गंमत सांगतो. फिनिक्सच्या पाण्यातला काही हिस्सा कोलोरॅडो नदीचा. तो हावासू सरोवरातून उचलून ३३६ मैलांच्या कालव्याने पूर्वेकडे आणतात. हे काम १९९३ साली पुरे झाले. तो कालवा सुरू होतो त्या पार्कर गावाच्या परिसरापासून क्वार्ट्‌झसाइट काही फार दूर नाही. म्हणजे शेकडो मैल चढवून नेलेले ते पाणी आम्ही ट्रेलरमध्ये घालून पुन्हा मागे, जवळजवळ उगमापाशीच घेऊन निघालो होतो! जलूदहून चढवून आणलेल्या नर्मदेवर जगणाऱ्या आम्हां इंदूरकरांना याचे नवल वाटू नये. पण कोलोरॅडो नदीही आता आटत चालली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये तिच्यावर प्रथमच अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि २०२२ साठी ॲरिझोनाच्या वाट्यात सुमारे अठरा टक्के कपात झाली.

मुक्कामावर पहिल्याच सकाळी एक पेच पडला. आईचा साठ वर्षांचा शिरस्ता असा, की रात्रीचे पिण्याचे पाणी सकाळी शिळे झाले. ते तुळशीला घालावयाचे आणि कळशी घासून ताजे भरावयाचे. तिने रात्रीची घागरभर शिल्लक एका वाळवंटी झुडपाला घातली. बंधू पाहत होते, पण काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी टाकीचे दिवे एकतृतीयांशावर आले, तेव्हा त्यांनी आईला त्या दिव्यांपाशी नेले आणि एवढेच म्हणाले, “आई, इथली विहीर एवढीच.” आई थोडा वेळ दिव्यांकडे पाहत राहिली. “मग शिळं कसलं रे? एकाच टाकीतलं आहे सगळं,” असे म्हणून तिने त्या सायंकाळचे उरलेले पाणी झाकून ठेवले. त्यानंतर भांडी विसळलेले पाणी हात धुवावयास ठेवण्याची शिस्त तिनेच घालून दिली. तेथील मंडळी अंग ओले करून फवारा बंद करतात, साबण लावतात आणि मग पुन्हा सोडतात. या नाविकांच्या स्नानाचे त्यांना मोठे कौतुक. आमच्या सौभाग्यवतींनी अर्ध्या बादलीत तांब्याने स्नान आटोपून दाखविले, तेव्हा भावजयही त्यांच्या पक्षाला जाऊन मिळाली.

तरीही चौथ्या दिवशी पाणी आणणे भाग पडले. ट्रेलरचे पाय टेकवून, तो समपातळीत बसवून झाल्यावर पुन्हा जुंपून नेणे म्हणजे उभे घर मोडणे; म्हणून लोक पाणीच ट्रेलरकडे आणतात. कोणी पिकअपच्या हौद्यात रबरी पिशवी भरून आणतो आणि लहान पंपाने उपसतो. आम्ही सहा गॅलनांचे चार कॅन नेले. भरलेला एक कॅन तेवीस किलोंचा. तो छातीइतका उचलून नरसाळ्यातून ओतणे पन्नाशीच्या माणसाने करू नये. बंधूंनी कॅन हौद्याच्या कडेवर ठेवून नळीने पाणी उतरविले.

ला पोसाच्या दक्षिण भागात पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत आणि मैला रिकामा करण्याची जागाही आहे. अशा जागी मैल्याचे तोंड धुण्यासाठी वेगळा नळ असतो. त्यावर ‘पिण्यास अयोग्य’ अशी पाटी असते, पण ती उन्हाने विटते. एक वयोवृद्ध गृहस्थ आपली पांढरी नळी त्याच नळाला लावण्याच्या बेतात होते. बंधू धावत गेले. गृहस्थांनी चष्मा पुसून पाटी वाचली, नळी गुंडाळली आणि काही न बोलता बराच वेळ बंधूंचा हात धरून ठेवला. त्यांची पत्नी गाडीत रिकामे पेले घेऊन बसली होती.

पाण्याने माणसांस बांधून ठेवण्याचा या गावाचा इतिहास जुनाच. पूर्वी याचे नावच ‘टायसनच्या विहिरी’ असे होते. येथील स्मशानात एक लहानसा दगडी पिरॅमिड असून त्यावर धातूचा उंट आहे. १८५६ साली अमेरिकन लष्कराने निर्जल प्रदेशात सामान वाहण्यासाठी उंट आणविले, त्यांच्यासोबत आलेल्या हाजी अली नामक उंटवाल्याचे ते स्मारक. त्याचे नाव बिघडून ‘हाय जॉली’ झाले. तो १९०२ साली वारला आणि १९३५ साली हे स्मारक उभे राहिले. आईने त्या उंटाला नमस्कार केला.

परतल्यावर टाकी रिती करावयाची असते. साठलेले पाणी ठेवून ट्रेलर बंद करीत नाहीत. तळाची चावी उघडण्यापूर्वी आईने खाली बादली लावावयास सांगितले. चार बादल्या निघाल्या. त्या अंगणातील लिंबाच्या झाडाला गेल्या.