हवेचा की पाण्याचा? सुपरचार्जरच्या इंटरकूलरची वाटचाल

सुपरचार्जर इंजिनात जास्त हवा कोंबतो खरा, पण दाबलेली हवा तापते. बाहेर ३० अंश असताना हवेचा दाब दीडपट केला आणि सुपरचार्जरची कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या आसपास असली, तर हवा ९० अंशांच्या घरात जाते. अशी हवा विरळ असते आणि तिच्यामुळे इंजिन नॉकिंग करू लागतं. म्हणून सुपरचार्जर आणि इंजिनाच्या मध्ये ही हवा गार करणारा इंटरकूलर हवा. तो हवेने गार होणारा असावा की पाण्याने, हे मात्र बहुतेक वेळा सुपरचार्जरला जागा कुठे मिळाली यावर ठरत गेलं.

पाण्याची वाट विमानांनी आधीच चोखाळली होती. १९४२ मध्ये सेवेत आलेल्या स्पिटफायर मार्क ९ मधलं मर्लिन इंजिन दाबलेली हवा द्रवाने गार करत असे, आणि त्या द्रवासाठी वेगळा रेडिएटर होता.

मोटारींनी ऐंशीच्या दशकात सुरुवात केली ती हवेपासून. टोयोटा एमआर-२ आणि फोक्सवॅगन कोराडो जी-६० यांत चार सिलिंडर एका रांगेत आणि सुपरचार्जर बाजूला. पाइप टाकावाच लागणार होता, तो वाटेत कूलरमधून फिरवला की झालं. पंप नाही, पाणी गळायची भीती नाही. फोर्डने १९८९ च्या थंडरबर्ड सुपर कूपमध्ये व्ही-६ इंजिनालाही हाच कूलर दिला. मात्र तिथे सुपरचार्जर इंजिनाच्या माथ्यावर असल्याने हवा पुढे नेऊन परत आणण्यासाठी लांबलचक पाइप आले. २००२ च्या मिनी कूपर एसमध्ये कूलर थेट इंजिनाच्या डोक्यावर बसला. बॉनेटच्या खाचेतून वारा आला तर ठीक. ट्रॅफिकमध्ये अडकलं की खालची धग त्यालाच तापवी.

दरम्यान व्ही इंजिनं पाण्याकडे वळली. १९९९ च्या फोर्ड लाइटनिंगमध्ये कूलर सुपरचार्जरच्या खालीच मावला. पाइप जवळजवळ संपले, पण पंप, पुढचा छोटा रेडिएटर आणि वेगळं कूलंट असा संसार वाढला. २००८ च्या सुमारास ऑडीच्या तीन लिटर टीएफएसआयमध्ये कूलर सुपरचार्जरच्या कवचातच शिरले. ७०७ अश्वशक्तीच्या डॉज हेलकॅटनेही हीच मांडणी स्वीकारली, आणि २०१८ च्या डीमनने एसीचा थंडावा या कूलंटकडे वळवला. हवेच्या कूलरला बाहेरच्या तापमानाखाली उतरताच येत नाही.

पाण्याची खरी मर्यादा वेळेची. पाणी बरीच उष्णता पोटात घेतं, त्यामुळे ड्रॅग स्ट्रिपवरच्या काही सेकंदांत ते सरस ठरतं. ट्रॅकवर फेऱ्यांमागून फेऱ्या मारताना तेच पाणी तापतं, आणि शेवटी उष्णता बाहेर टाकायची ती पुढच्या रेडिएटरमधून हवेतच. तो लहान असेल तर सगळा खटाटोप वाया.

म्हणून आज निवड करणाऱ्याने आधी बॉनेट उघडून सुपरचार्जर कुठे बसतो ते पाहावं, मग गाडी किती वेळ सलग दामटायची ते ठरवावं. बाजूला बसणारा सुपरचार्जर आणि पुढे मोकळी जागा असेल तर हवेचा साधा कूलर पुरतो. व्हीच्या खाचेत बसणाऱ्याला बहुधा पाणीच घ्यावं लागतं. तिथे पैसे वाचवू नयेत ते रेडिएटरवर.