थेंबाचा हिशेब

काटकसरीचा उपदेश इंग्रज नाण्यांच्या भाषेत करतो. पेन्स सांभाळा, पौंड आपोआप सांभाळले जातील, अशी त्याची म्हण आहे. उझबेकिस्तानात आमू दर्याच्या मुखाकडील प्रदेशात राहणारे काराकल्पाक तीच गोष्ट पाण्याच्या भाषेत सांगतात : ठिबकता ठिबकता सरोवर होते. तुर्की कुळातील इतर भाषांतही आढळणारी ही म्हण म्हणजे आपल्या 'थेंबे थेंबे तळे साचे'ची सख्खी बहीणच! वाळवंटाच्या कडेला राहणाऱ्या समाजाला संपत्ती म्हणताच पाणी आठवावे, यात नवल नाही.

त्यांची दुसरी म्हण बजावते की, सात वेळा मोजा, मग एकदाच कापा. इंग्रज सुतार दोनदा मोजून समाधान मानतो; त्याच्यापाशी लाकूड मुबलक असावे.

दुर्दैव असे की, या लोकांच्या अरल समुद्राचे मोजमाप दुसऱ्यांनीच केले. १९६० साली सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटर पसरलेले हे सरोवर जगात चौथ्या क्रमांकाचे होते. सोव्हिएत नियोजनकारांनी त्याला मिळणाऱ्या नद्यांचे पाणी कापसाकडे वळविले. हिशेब झाला नव्हता, असे नव्हे. मासळीपेक्षा कापूस किफायतशीर, हा निष्कर्ष कागदावर बिनचूकच होता. उघड्या पडलेल्या तळावरून उडणारी खारट धूळ आणि नासलेले पिण्याचे पाणी यांना मात्र त्या ताळेबंदात रकानाच नव्हता. २००७ पर्यंत सरोवर मूळ क्षेत्रफळाच्या दशांशावर आले. मुयनाक या एके काळच्या बंदरात मच्छीमार नौका आज वाळूत गंजत उभ्या आहेत.