परसातील कोंबड्यांमधील संशयित साथरोग : ओळख, तातडीची कार्यवाही आणि भरपाईचा प्रश्न

प्रस्तावना

ग्रामीण महाराष्ट्राच्या अर्थव्यवहारात परसातील कुक्कुटपालनाचे स्थान वरकरणी लहान असले तरी कुटुंबाच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे. घरामागच्या खुराड्यातील आठ-दहा कोंबड्या ही बहुधा घरातील स्त्रीच्या हातची रोकड असते. आठवडी बाजाराच्या दिवशी एखादी कोंबडी विकून तेल-मीठ, औषध किंवा मुलांच्या वह्या आणल्या जातात. या व्यवहारासाठी तिला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील कुक्कुट पक्ष्यांची एकूण संख्या ८५ कोटींहून अधिक असून त्यांपैकी सुमारे ३१.७ कोटी पक्षी परसातील आहेत. २०१२ च्या गणनेच्या तुलनेत परसातील पक्ष्यांची संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेली दिसते.

या कोंबड्यांना 'मर लागली' की घरात तीन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. उरलेल्या कोंबड्या तातडीने बाजारात नेऊन विकणे, आजारी दिसणारी कोंबडी मरण्यापूर्वी कापून खाणे, किंवा चांगल्या दिसणाऱ्या कोंबड्या दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे पाठविणे. तोटा टाळण्याच्या दृष्टीने या तिन्ही कृती स्वाभाविक आहेत. परंतु रोग एका परसातून दुसऱ्या गावात पोहोचविण्याचे काम त्याच करतात. प्रस्तुत लेखात अशा प्रसंगी रोगाचा संशय कसा ओळखावा, संशय येताच काय करावे आणि कायदा व भरपाई यांचे स्वरूप काय आहे, यांचा विचार केला आहे.

लक्षणे आणि निदानाची मर्यादा

परसातील कोंबड्यांचा सर्वांत परिचित संहारक रोग म्हणजे राणीखेत होय. मराठीत त्याला 'मानमोडी' असेही म्हणतात. हा विषाणूजन्य रोग १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे आढळला. त्यानंतर थोड्याच काळात भारतात कुमाऊँमधील राणीखेत येथे त्याची नोंद झाली व त्या गावाचेच नाव त्याला आपल्याकडे मिळाले. चोच उघडी ठेवून धापा टाकणे, हिरवट-पांढरी हगवण, पंख व पाय लुळे पडणे, मान पिळवटणे, अंडी कमी होणे किंवा मऊ कवचाची येणे ही त्याची प्रमुख लक्षणे आहेत.

दुसरा रोग म्हणजे तीव्र स्वरूपाचा बर्ड फ्लू. यात पूर्वलक्षणांशिवाय एकाएकी अनेक पक्षी मरणे, डोके व चेहरा सुजणे, तुरा व गलोल निळसर-जांभळे पडणे, पायांवर रक्ताळलेले डाग दिसणे असे बदल आढळतात. मात्र तुरा निळा पडणे हे कोंबड्यांच्या कॉलऱ्यातही दिसते; श्वासाचा त्रास व मज्जासंस्थेची लक्षणे राणीखेत व बर्ड फ्लू या दोहोंतही येतात. म्हणूनच केवळ डोळ्यांनी पाहून या रोगांमध्ये निश्चित फरक करणे अनुभवी पशुवैद्यकालाही शक्य होत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणीच आवश्यक असते. महाराष्ट्रात नमुन्यांची प्राथमिक तपासणी पुण्यातील औंध येथील रोग अन्वेषण विभागात होते आणि बर्ड फ्लूची अंतिम निश्चिती भोपाळ येथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडून केली जाते.

या मर्यादेचे परिणाम महाराष्ट्राने अनुभवले आहेत. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे एच५एन१ विषाणूचा भारतातील पहिला उद्रेक निश्चित झाला. तत्पूर्वी तेथे होत असलेली मरतूक राणीखेतमुळे असावी, असा समज होता. त्यानंतर मार्च २००६ मध्ये जळगाव जिल्ह्यातील काही गावांत हाच रोग आढळला. जानेवारी २००८ मध्ये पश्चिम बंगालमधील बीरभूम व दक्षिण दिनाजपूर या जिल्ह्यांत तो प्रथम आढळला आणि पुढे राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत पसरला. तेथे परसातील पक्ष्यांचे प्रमाण मोठे असल्याने कोंबड्या लपविणे व घाईने विकणे असे प्रकार घडले आणि नियंत्रणाचे काम अवघड झाले. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथील मरतुकीचे कारणही बर्ड फ्लू असल्याचे निश्चित झाले.

संशय आल्यावर करावयाची कार्यवाही

निदानाला वेळ लागत असला तरी पालकाने करावयाच्या प्राथमिक कृती बहुतांशी सारख्याच आहेत, मग रोग राणीखेत असो, कॉलरा असो वा बर्ड फ्लू. त्यामुळे रोगाचे नाव कळेपर्यंत थांबण्याचे कारण उरत नाही. एक-दोन दिवसांत एकापेक्षा अधिक पक्षी अकारण मरणे, अथवा गावातील कावळे व इतर पक्षी मरून पडलेले दिसणे, एवढ्यावरून संशय घेणे योग्य ठरते.

पहिली कृती म्हणजे हालचाल थांबविणे. मोकाट फिरणाऱ्या कोंबड्या खुराड्यात किंवा डालग्याखाली कोंडाव्यात. त्या घरातून कोंबडी, अंडी, खत वा खुराक बाहेर जाऊ देऊ नये आणि बाहेरून नवा पक्षी आणू नये. दुसरी कृती विलगीकरणाची. आजारी पक्षी वेगळे ठेवून त्यांचे दाणा-पाणी स्वतंत्र भांड्यात द्यावे. निरोगी पक्ष्यांचे काम आधी व आजारी पक्ष्यांचे नंतर करावे, म्हणजे हात, कपडे व चपला यांमार्फत होणारा प्रसार कमी होतो.

तिसरी कृती मृत पक्ष्यांविषयीची आहे. मृत पक्षी उघड्या हाताने उचलू नये, तो फाडून पाहू नये, तसेच ओढ्यात वा उकिरड्यावर टाकू नये. नाक-तोंड झाकून, हातांवर प्लास्टिकची पिशवी चढवून तो दुहेरी पिशवीत बांधावा व पशुवैद्यक येईपर्यंत सावलीत थंड जागी ठेवावा; ताज्या मृत पक्ष्यावाचून निदान होणे कठीण असते. नमुना घेतल्यानंतर कुत्री वा मुंगसे उकरणार नाहीत एवढ्या खोल खड्ड्यात चुना टाकून तो पुरावा.

चौथी कृती स्वच्छतेची. या दोन्ही रोगांच्या विषाणूंभोवती मेदयुक्त आवरण असते आणि साबणाने ते फुटते. म्हणून साबण-पाण्याने हात धुणे हा साधा उपायही परिणामकारक आहे. खुराड्यात मात्र विष्ठा आधी खरवडून काढावी व नंतर निर्जंतुक द्रव फवारावा, कारण घाणीच्या थराखाली औषध पोहोचत नाही. थंड व ओलसर विष्ठेत बर्ड फ्लूचा विषाणू अनेक दिवस टिकून राहतो.

खाण्याबाबतचा गैरसमजही येथे दूर केला पाहिजे. ७० अंश सेल्सियसवर हा विषाणू नष्ट होत असल्याने नीट शिजलेल्या मांसापासून धोका नसतो. धोका आहे तो आजारी कोंबडी कापताना, पिसे काढताना व साफ करताना. आणि ही कामे घरात बहुधा स्त्रिया करतात, मुले जवळपास असतात. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये एच५एन१ची लागण झालेल्या १८ जणांपैकी ६ जण दगावले होते. भारतात माणसाचा पहिला बळी २०२१ मध्ये नोंदविला गेला. मनुष्याला होणारी लागण विरळ असली तरी ती गंभीर असते. त्यामुळे कोंबड्या हाताळलेल्या व्यक्तीस ताप व खोकला आल्यास डॉक्टरांना तो संपर्क आवर्जून सांगावा. दुकानातून प्रतिजैविक आणून पाण्यात मिसळण्याची प्रथा मात्र निरुपयोगी आहे. विषाणूवर त्याचा परिणाम होत नाही आणि मोलाचे दिवस वाया जातात.

कायदा आणि भरपाई

प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ च्या अनुसूचीत राणीखेत व बर्ड फ्लू या दोन्ही रोगांचा समावेश आहे. कलम ४ नुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यास अनुसूचित रोग झाला आहे असे मानण्यास कारण असेल, तर त्याची माहिती ग्राम अधिकारी वा ग्रामपंचायतीस देणे बंधनकारक आहे. कलम ५ आजारी प्राणी वेगळे ठेवण्याचे कर्तव्य सांगते. येथे विधिमंडळाची भाषा लक्षणीय आहे. पालकाकडून पुराव्याची अपेक्षा कायद्याने केलेली नाही. 'मानण्यास कारण' असणे पुरेसे आहे. नंतर रोग वेगळा निघाला तरी कळविणाऱ्याचे चुकले असे होत नाही.

बर्ड फ्लू निश्चित झाल्यास २०२१ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यानुसार उद्रेकस्थानापासून १ किलोमीटरपर्यंतचे क्षेत्र बाधित ठरते व तेथील पक्षी नष्ट केले जातात. १ ते १० किलोमीटरचा पट्टा निगराणीखाली राहतो. नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी, तसेच अंडी व खाद्यासाठी शासन भरपाई देते आणि तिचा भार केंद्र व राज्य निम्मा-निम्मा उचलतात. परंतु रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्यांसाठी ही भरपाई मिळत नाही.

या तरतुदीचा अर्थ पालकापर्यंत क्वचितच पोहोचतो. दहा कोंबड्यांपैकी दोन मेल्यावर कळविणाऱ्या घरास उरलेल्या आठांची भरपाई मिळू शकते. आठ मेल्यावर कळविणाऱ्यास केवळ दोनांची. अर्थात लवकर कळविणे हे सार्वजनिक हिताचे तर आहेच, पण त्या घराच्याही हिताचे आहे. दुसरी बाजू अशी की, भरपाई उशिरा मिळाली किंवा पंचनाम्यात परसातील पक्षी मोजलेच गेले नाहीत, तर पुढच्या वेळी गाव गप्प राहते. शेडमधील पक्ष्यांची नोंदवही असते. परसातील कोंबडीची नोंद फक्त तिच्या मालकिणीच्या मनात असते. म्हणून पंचनाम्याच्या वेळी घरातील स्त्रीला विचारून संख्या लिहिणे आणि रक्कम तिच्या नावे जमा होणे, या दोन बाबी रोगनियंत्रणाच्या दृष्टीनेही मोलाच्या ठरतात.

प्रतिबंध

राणीखेतविरुद्ध प्रभावी लस उपलब्ध आहे. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा किंवा एफ लसीचा थेंब डोळ्यात वा नाकात देतात आणि सुमारे आठव्या आठवड्यात आर-२-बी लस टोचतात. अडचण लसीची नसून मात्रांची आहे. एका कुपीत शंभर वा अधिक मात्रा असतात, ती थंड ठेवावी लागते व विरघळविल्यावर थोड्याच वेळात वापरावी लागते. दहा कोंबड्यांच्या घरास ते परवडत नाही. वस्तीतील सर्व घरांनी एकच दिवस ठरवून, कोंबड्या खुराड्यात असतानाच पहाटे लसीकरण केल्यास ही अडचण दूर होते. बाजारातून आणलेली कोंबडी किमान तीन आठवडे वेगळी ठेवणे ही सवयही तितकीच आवश्यक आहे.

समारोप

परसातील साथरोगाचे नियंत्रण प्रयोगशाळेपासून सुरू होत नाही; ते पहिल्या मेलेल्या कोंबडीपाशी उभ्या असलेल्या व्यक्तीच्या निर्णयापासून सुरू होते. खात्री होण्यापूर्वीच थांबविणे, वेगळे करणे व कळविणे हे तिने करावे अशी अपेक्षा असेल, तर कळविल्याने आपले नुकसान वाढणार नाही हा विश्वास तिला मिळाला पाहिजे. या कामी महाविद्यालयांना हातभार लावता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरात दत्तक गावातील परसातील पक्ष्यांची घरनिहाय नोंद करणे, ती ग्रामपंचायतीकडे देणे आणि पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सहकार्याने सामूहिक लसीकरणाचा दिवस ठरविणे, ही कामे विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहेत. अशी नोंद हाती असेल तर संकटकाळी पंचनाम्यातून एकही घर सुटणार नाही, आणि कळविण्यास कचरणाऱ्या गावाला बोलण्याचे बळ मिळेल.