सेंद्रिय उत्पादनांचे प्रमाणन

सेंद्रिय उत्पादनांचे प्रमाणन : धान्य, फळे, दूध, कापूस, प्रक्रियायुक्त खाद्यपदार्थ इ. वस्तूंचे उत्पादन ठरवून दिलेल्या सेंद्रिय मानकांनुसार झाले आहे, याची त्रयस्थ संस्थेने तपासणी करून दिलेली लेखी ग्वाही. अशी ग्वाही मिळाल्यावरच प्रमाणित माल म्हणून वेष्टनावर ‘सेंद्रिय’ हा शब्द व संबंधित बोधचिन्ह छापता येते.

प्रमाणनाची गरज वस्तूच्या स्वरूपातूनच निर्माण होते. आंब्याची गोडी खाणाऱ्यास कळते, दुधातील स्निग्धांश उपकरणाने मोजता येतो; परंतु तूरडाळ सेंद्रिय आहे की नाही, हे रंग, वास वा चव यांवरून ओळखता येत नाही. प्रयोगशाळेतील परीक्षणही अपुरे पडते. कीटकनाशकाचे अवशेष आढळल्यास नियमभंगाचा संशय बळावतो. पण अवशेष न आढळणे हा सेंद्रियतेचा पुरावा नव्हे. पिकास यूरिया दिला होता की शेणखत, हे दाण्याच्या नेहमीच्या परीक्षणातून ठरत नाही. म्हणून प्रमाणन हे मुख्यतः वस्तूचे नसून ती तयार करण्याच्या रीतीचे असते आणि त्याचे मोल ग्वाही देणाऱ्याच्या निःपक्षपातीपणावर अवलंबून राहते.

इतिहास : जैवगतिकी शेतीतील मालासाठी जर्मनीत १९२८ मध्ये ‘डिमीटर’ हे चिन्ह वापरात आले. इंदूर येथे कंपोस्ट खताची पद्धत विकसित करणारे सर ॲल्बर्ट हॉवर्ड यांच्या विचारांचा प्रभाव असलेली ‘सॉइल असोसिएशन’ ही संस्था ब्रिटनमध्ये १९४६ साली स्थापन झाली; तिने १९६७ मध्ये सेंद्रिय शेतीची मानके प्रसिद्ध केली. १९७२ मध्ये फ्रान्समधील व्हर्साय येथे सेंद्रिय शेती चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ अस्तित्वात आला. तोपर्यंत सदस्यांनी एकमेकांची पारख करावी, असेच प्रमाणनाचे स्वरूप होते. व्यापार दूरदेशी पोहोचल्यावर परस्परपरिचयाचा आधार राहिला नाही आणि कायद्याची गरज भासू लागली. अमेरिकेने १९९० मध्ये सेंद्रिय अन्न उत्पादन अधिनियम संमत केला व त्याखालील नियम २००२ पासून पूर्णपणे अंमलात आणले. युरोपीय समुदायाने १९९१ मध्ये विनियम जारी केला. २०१८ मध्ये संमत झालेला नवा विनियम २०२२ पासून लागू आहे.

भारतातील व्यवस्था : भारत सरकारच्या वाणिज्य मंत्रालयाने २००१ मध्ये राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम सुरू केला. त्याचे सचिवालय कृषी व प्रक्रियायुक्त अन्नपदार्थ निर्यात विकास प्राधिकरणाकडे (अपेडाकडे) आहे. व्यवस्था दुहेरी आहे. राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ प्रमाणन संस्थांची पात्रता तपासून त्यांना मान्यता देते आणि या संस्था शेतकरी, प्रक्रिया-उद्योग व व्यापारी यांना प्रमाणित करतात. संस्थांमध्ये खाजगी कंपन्या तशीच राज्य शासनांनी स्थापिलेली अभिकरणेही आहेत. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे सेंद्रिय अन्नाविषयीचे विनियम २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले व देशांतर्गत विक्रीसही प्रमाणनाचे बंधन आले. ‘जैविक भारत’ हे बोधचिन्ह त्यांतीलच होय. ग्राहकास स्वतः थेट माल विकणाऱ्या लहान उत्पादकांना मात्र त्यातून सूट आहे.

कार्यपद्धती : प्रमाणनासाठी अर्ज करताना शेतकऱ्यास शेताचा नकाशा, मागील पिकांची व वापरलेल्या निविष्ठांची माहिती आणि पुढील नियोजन सादर करावे लागते. रासायनिक शेती सोडल्याबरोबर माल सेंद्रिय ठरत नाही. हंगामी पिकांच्या बाबतीत पेरणीपूर्वी सर्वसाधारणपणे दोन वर्षे आणि बहुवर्षायू पिकांच्या बाबतीत पहिल्या सेंद्रिय तोडणीपूर्वी तीन वर्षे मानकांचे पालन करावे लागते. या मुदतीस रूपांतरण काल म्हणतात. कृत्रिम खते, कृत्रिम कीटकनाशके व तणनाशके तसेच जनुकीय परिवर्तित बियाणे वर्ज्य असतात. शेजारच्या शेतातील फवारणीचा उपसर्ग टाळण्यासाठी बांधालगत संरक्षक पट्टा सोडावा लागतो.

निरीक्षक वर्षातून किमान एकदा प्रत्यक्ष पाहणी करतो. काही भेटी पूर्वसूचनेशिवाय होतात. तो शेत व कोठार पाहतो, खरेदीच्या पावत्या तपासतो आणि क्षेत्राच्या मानाने उत्पन्न व विक्री यांचा मेळ बसतो की नाही, हे पडताळतो. दोन हेक्टरांत येणे शक्य नाही इतका माल विकला गेल्याचे आढळले, तर बाहेरचा माल मिसळल्याचा निष्कर्ष निघतो. निरीक्षक केवळ अहवाल देतो. प्रमाणपत्राचा निर्णय दुसरी व्यक्ती वा समिती घेते. ज्यास प्रमाणित करावयाचे, त्यास सशुल्क सल्ला देण्यास संस्थेस मनाई असते. शेतापासून दुकानापर्यंत प्रत्येक हस्तांतरणास स्वतंत्र व्यवहार प्रमाणपत्र लागते. अपेडाने २०१० पासून या नोंदींसाठी ‘ट्रेसनेट’ ही संगणकीय प्रणाली वापरात आणली. मिश्र पदार्थात पाणी व मीठ वगळता किमान ९५ टक्के घटक सेंद्रिय असल्यासच त्यास सेंद्रिय म्हणता येते. ७० ते ९५ टक्के असल्यास ‘सेंद्रिय घटकांपासून तयार केलेला’ एवढाच उल्लेख करता येतो.

गट प्रमाणन : एकेका अल्पभूधारकास प्रमाणनाचा खर्च व कागदपत्रे झेपत नाहीत. त्यासाठी शेतकऱ्यांच्या गटास एकत्रित प्रमाणपत्र देण्याची सोय झाली व गटाची सदस्यसंख्या २५ ते ५०० ठरविण्यात आली. गट आपल्या सर्व सदस्यांची अंतर्गत तपासणी करतो आणि बाह्य निरीक्षक त्यांतील काही शेते निवडून पाहतो. यासाठी वर्गमुळाचा नियम दीर्घकाळ प्रचलित होता; त्यानुसार ४०० सदस्यांच्या गटातील किमान २० शेते पाहिली जात. अनेक गटांची प्रमाणपत्रे व्यवहारात व्यापाऱ्यांच्या हाती राहिली. शेतकऱ्यास आपला माल दुसरीकडे विकता येईना व सेंद्रियतेचा वाढीव भावही त्याच्यापर्यंत पोहोचेना. २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या कार्यक्रमाच्या आठव्या आवृत्तीत गटास स्वतःचे कायदेशीर अस्तित्व देण्याची तरतूद झाली, ती या पार्श्वभूमीवर.

मर्यादा व गैरप्रकार : तपासणीचे शुल्क तपासला जाणाराच देतो, हा या व्यवस्थेतील मूलभूत दोष होय. कठोर संस्था सोडून सौम्य संस्थेकडे जाण्याचा मोह त्यातून उत्पन्न होतो. अमेरिकेत साधे धान्य सेंद्रिय म्हणून विकणाऱ्या मिसूरीतील एका व्यापाऱ्यास २०१९ मध्ये दहा वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली. अमेरिकी कृषी विभागाने अपेडाच्या अधिस्वीकृतीस दिलेली मान्यता २०२१ मध्ये काढून घेतली. कापसाच्या बाबतीत तर अडचण बीजापासूनच सुरू होते. विदर्भासह देशातील कापसाखालील बहुतांश क्षेत्र बीटी वाणांचे असल्याने बीटीविरहित बियाणे मिळणे दुरापास्त असते आणि सरकी काढण्याच्या कारखान्यात सरमिसळीचा धोका राहतो. २०२० मध्ये जागतिक सेंद्रिय वस्त्र मानकाच्या व्यवस्थापनाने भारतातील सु. २०,००० टन कापसाची बनावट व्यवहार प्रमाणपत्रे उघडकीस आणली. अशा प्रकरणांमुळे ग्राहकाची फसवणूक होते व प्रामाणिक शेतकऱ्याच्या मालावरही संशय येतो. रूपांतरण काळातील घटलेले उत्पन्न सोसून त्याने मिळविलेला भाव त्यामुळे धोक्यात येतो.

सहभाग हमी पद्धती : त्रयस्थ संस्थेऐवजी एकाच परिसरातील शेतकऱ्यांनी परस्परांच्या शेतांची पाहणी करून हमी द्यावी, अशी ही पर्यायी पद्धत आहे. २०१५ च्या परंपरागत कृषी विकास योजनेमुळे तिचा भारतात विस्तार झाला. ती अल्पखर्ची असून शेजाऱ्याच्या शेतात काय चालते, हे शेजाऱ्यास निरीक्षकापेक्षा अधिक ठाऊक असते. मात्र भिडेमुळे तपासणी ढिली पडण्याचा संभवही असतो. निर्यातीसाठी ही हमी ग्राह्य धरली जात नाही.

सेंद्रिय चिन्ह म्हणजे पदार्थ अधिक पौष्टिक असल्याचा वा त्यात अवशेषांचा लवलेशही नसल्याचा दाखला नव्हे. उत्पादनाची रीत तपासली गेली, एवढेच ते सांगते. ती कोणी तपासली, हे पाहण्यासाठी ग्राहकाने वेष्टनावरील चिन्हाबरोबरच प्रमाणन संस्थेचे नाव व प्रमाणपत्राचा क्रमांकही वाचणे आवश्यक असते.