‘हाऊस’ म्हणजे कोणाचे घर?

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत आमच्यापुढे एक काकू उभ्या होत्या. मसालेभात वाढून घेता घेता त्यांनी विचारले, "अरे, तू डॉक्टर आहेस ना, मग एक सांग. आमचा धाकटा शनिवारी रात्री शिकागोत ‘हाऊस’ला जातो म्हणतो. मी विचारले, कोणाच्या हाऊसला? तर हसतच सुटला. हे काय रे प्रकरण आहे?"

आम्ही डॉक्टर खरे, पण रसायनशास्त्राचे. आम्हाला नाडी बघता येत नाही आणि नाचता तर त्याहून येत नाही. तरी "शोधून सांगतो" असे म्हणालो आणि गुलाबजाम घेऊन सटकलो. शोधता शोधता हिवाळा सरला. जे हाती लागले ते एकट्या काकूंना सांगण्यापेक्षा सगळ्यांनाच सांगावे, म्हणून हा लेख.

मेट्राने युनियन स्टेशनला उतरावे आणि पश्चिमेकडे दोन चौक चालावे. साऊथ जेफरसन स्ट्रीटवर २०६ नंबरची एक साधी तीन मजली इमारत लागते. आम्ही कित्येक वर्षे त्या भागातून ये-जा केली, पण मान वर करून कधी पाहिले नव्हते. १९७७ साली रॉबर्ट विल्यम्स यांनी येथे नाचाचा क्लब सुरू केला. त्याचे नाव पडले ‘वेअरहाऊस’, म्हणजे आपले गोदाम. तबकड्या वाजवायला त्यांनी न्यूयॉर्कहून फ्रँकी नकल्स या बावीस वर्षांच्या तरुणाला बोलावून घेतले. येणारी मंडळी मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, आणि त्यातही बरीचशी समलिंगी. दारू मिळत नसे, फळांचा रस मिळे. शनिवारी रात्री सुरू झालेला नाच रविवारी चांगले उजाडेपर्यंत चाले. गावातल्या तबकड्यांच्या दुकानांत गिऱ्हाईके ‘वेअरहाऊसमध्ये वाजते ते’ मागू लागली, आणि बोलता बोलता त्याचे नुसते ‘हाऊस’ झाले, अशी या नावाची सर्वांत प्रचलित कथा आहे. तेव्हा काकू, हाऊस म्हणजे कोणाचे घर नव्हे, ते एका गोदामाचे शेपूट आहे!

पण या सगळ्याची सुरुवात मात्र एका घरातच झाली होती. १९७० साली व्हॅलेंटाइन दिवसाला न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅनकुसो या गृहस्थांनी ब्रॉडवेवरच्या आपल्या राहत्या जागेत मित्रांना नाचायला बोलावले. पुढे ही बैठक नियमाने होऊ लागली. निमंत्रण असेल तरच प्रवेश, आणि दारूची विक्री नाही. न्यूयॉर्क शहरात १९२६ पासून एक कायदा होता. खाणेपिणे विकणाऱ्या जागेत लोकांना नाचू द्यायचे तर वेगळा परवाना लागे. (हा कायदा रद्द व्हायला २०१७ साल उजाडले.) स्वतःच्या घरी पाहुणे बोलावले की हा प्रश्नच उरत नाही.

हे वाचून आपल्या जुन्या सभासदांना काही आठवले का? बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९८१ साली याच शिकागोत झाली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून आपली माणसे कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमत होती. चार घरांतून चार भांडी यायची आणि कॅसेटवर नाट्यगीते लागायची. बाहेरच्या जगात आपले असे काही नसले की माणसे आधी घरात जमतात, मग हॉल शोधतात. अर्थात तुलना ताणू नये. आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती पदवी होती आणि नोकरी होती. गोदामात येणाऱ्यांना इतर क्लबांच्या दारात दोन-दोन, तीन-तीन ओळखपत्रे मागून परत पाठवले जाई, आणि त्यांतल्या अनेकांना आपण कोण आहोत हे स्वतःच्या घरीसुद्धा सांगता येत नव्हते.

बाहेर हवा कशी होती, याचा पुरावा १२ जुलै १९७९ च्या रात्री मिळाला. कोमिस्की पार्कवर व्हाइट सॉक्सचे सामने होते. स्टीव्ह डाल या रेडिओवाल्याने जाहीर केले होते की डिस्कोची तबकडी घेऊन या आणि ९८ सेंटात आत जा. गोळा झालेल्या तबकड्या मैदानाच्या मध्यभागी सुरुंगाने उडवल्या. हजारोंचा जमाव मैदानात उतरला, आणि दुसरा सामना व्हाइट सॉक्सला सोडून द्यावा लागला. त्या रात्री व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा तेथे प्रेक्षकांना जागा दाखवण्याच्या कामावर होता. त्याने पुढे सांगितले की लोकांनी आणलेल्या तबकड्या साऱ्या डिस्कोच्या नव्हत्या; कृष्णवर्णीय गायकांच्या इतरही कितीतरी होत्या. याच लॉरेन्सने १९८४ साली जेसी साँडर्सबरोबर ‘ऑन अँड ऑन’ ही तबकडी काढली. हाऊस संगीताच्या अगदी पहिल्या तबकड्यांत तिची गणना होते.

आता हे संगीत असते तरी कसे? कान देऊन ऐकल्यास चार मात्रांचा सरळ ठेका, आणि चारही मात्रांवर ढोलाचा ठोका. लय मिनिटाला साधारण १२० ठोक्यांची, म्हणजे पुण्याच्या मिरवणुकीत वाढलेल्याला परके वाटण्याचे कारण नाही. डीजेपुढे दोन तबकड्या फिरत असतात. एक संपण्याआधी तो दुसरीची गती पहिलीशी इतकी बेमालूम जुळवतो की सांधा कळत नाही, आणि नाचणाऱ्याचे पाऊल थांबत नाही. भजनात एक गजर संपायच्या आत बुवा पुढचा उचलतात, तसेच हे. नकल्स तर टेप कापून, जोडून आवडता तुकडा लांबवीत असत.

वाद्यवृंद परवडत नसल्यामुळे या मुलांनी यंत्रे वापरली, आणि तीही बाजारात पडलेली. जपानच्या रोलँड कंपनीने टीबी-३०३ हे यंत्र काढले ते गिटारवाल्यांना घरी साथ मिळावी म्हणून. ते फारसे खपले नाही. जुन्या मालात ते स्वस्तात मिळाले, तेव्हा शिकागोच्या तीन तरुणांनी त्याची बटणे उलटसुलट पिळून एक चिरकणारा, वळवळणारा आवाज काढला. ‘फ्यूचर’ या त्यांच्या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही तबकडी १९८७ साली आली. आम्ही मोठ्या आशेने वाचायला घेतले, पण या ॲसिडचा लिटमसशी काही संबंध निघाला नाही!

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. हेच यंत्र मुंबईत त्याच्या पाच वर्षे आधी पोचले होते. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गिटार वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली याच टीबी-३०३ वर आणि टीआर-८०८ या तालयंत्रावर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले आणि एचएमव्हीसाठी मुद्रित केले. भैरव, यमन, मेघमल्हार, सगळे त्यात आहे. रागातली मींड घ्यायला हे यंत्र सोयीचे पडले असावे. तबकडी चालली नाही. शिकागोच्या मुलांनी ती ऐकलेली नव्हती. दोन शहरांत दोघांना वेगवेगळे सुचले. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा जगभरचे कान टवकारले, आणि पंच्याहत्तरीच्या आसपासचे सिंग परदेशांत कार्यक्रम करू लागले. २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

आणि आपली येथली मुले? न्यूयॉर्कमध्ये १९९७ साली डीजे रेखा यांनी ‘बेसमेंट भांगडा’ हा महिन्याचा कार्यक्रम सुरू केला. तो वीस वर्षे, २०१७ पर्यंत चालला. शाळेत ‘इंडियन’ आणि घरी ‘अमेरिकन’ ठरणाऱ्या एका पिढीला तेथे एका रात्रीपुरते तरी कोणी काही समजावून मागत नव्हते. नावात ‘बेसमेंट’ आहे, हेही ध्यानात घ्या.

काकूंचा खरा प्रश्न आम्हाला समजला नव्हता असे नाही. तो गोळ्यांचा होता. त्याचे उत्तर रसायनशास्त्रज्ञ म्हणून देतो. एक्स्टसी नावाने जी गोळी मिळते तिच्यात एमडीएमए असायला हवे. हा पदार्थ मर्क कंपनीत १९१२ साली प्रथम बनवला गेला आणि अमेरिकेत १९८५ पासून त्याच्यावर बंदी आहे. पण बाजारातल्या गोळीत खरोखर काय आहे, हे तिचा रंग किंवा शिक्का पाहून आम्हालाही सांगता येणार नाही. बनावट गोळ्यांत फेंटानिल सापडते, आणि ते अगदी थोडेही जीव घेते. त्यावरचा उतारा म्हणजे नॅलोक्सोनचा नाकात मारायचा फवारा. तो २०२३ पासून औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. घरात एक ठेवावा, आणि मुलांना एवढेच सांगावे की काही बिघडले तर आधी ९११ ला फोन करा, मग आम्हाला. आम्ही रागावणार नाही. हे शेवटचे वाक्य पाळणे सर्वांत कठीण आहे.

आता जरा अवघड गोष्ट. आपल्या गणपतीला दरवर्षी ताशा वाजवणारा एक मुलगा तीन वर्षांपासून येत नाही. त्याचे आईवडीलही येत नाहीत. कारण सर्वांना ठाऊक आहे. त्याने आपल्याविषयी एक खरी गोष्ट सांगितली होती. कोणी त्याला ‘येऊ नकोस’ म्हणाले नाही. कोणी ‘ये’ असेही म्हणाले नाही, आणि त्या ‘कोणी’मध्ये आम्हीही आहोत. जेफरसन स्ट्रीटवर उभे राहिलो तेव्हा हाच मुलगा डोळ्यांपुढे आला. माणसे गोदामात घर करतात ती हौसेने नव्हे. घरात जागा उरत नाही म्हणून. त्या पहिल्या नाचणाऱ्यांपैकी कितीतरी पुढे एड्सच्या साथीत गेले. नकल्स २०१४ साली गेले. त्यांच्या नावाचा रस्ता २००४ पासून तेथे आहे, आणि ती इमारत २०२३ साली शहराने ऐतिहासिक वास्तू ठरवली. सन्मान झाला खरा, पण फार उशिरा.

आपण इतका उशीर करू नये, असे आम्हाला वाटते. म्हणून कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवत आहोत. यंदा गणपतीच्या शनिवारी आरती आणि जेवण आटोपल्यावर शाळेचा कॅफेटेरिया रात्री अकरापर्यंत मुलांना द्यावा. तबकड्या त्यांच्या, पाणी आणि बटाटेवडे आपले. दारात दोन काका-काकू बसतील, पण कोण कोणाबरोबर आले हे विचारणार नाहीत. कोणाची हरकत असल्यास पुढच्या सभेत जरूर मांडावी.

ताशावाल्याच्या घरी आम्ही गेल्या रविवारी जाऊन आलो. चहा झाला. "बघतो" म्हणाला.