दागिना जुना, पण त्यातले माणिक?

आमच्या परिचयाचे एक कारागीर मुंबईच्या उपनगरात दागिने दुरुस्तीचे छोटे दुकान चालवतात. वडिलांपासून चालत आलेला धंदा, हात कसलेला. अलीकडे त्याला जोड म्हणून जुने दागिने विकत घेऊन, साफसूफ करून ते विकण्याचे कामही त्यांनी सुरू केले आहे. माल बहुतेक मोबाईलवरूनच घेतात. एकदा त्यांनी उत्तरेकडील एका विक्रेत्याकडून अंगठी मागवली. 'सन १९२५ च्या सुमाराची, विलायती घडण, टेस्टेड रुबी' असे वर्णन होते. ८४ हजार रुपये मोजले. अंगठी हाती आल्यावर त्यांनी घडण पाहिली, खडा धरणारे पंजे पाहिले, आतल्या बाजूची झीज पाहिली. सर्व काही जुनेच होते. पुढे गिऱ्हाइकाने प्रयोगशाळेचा दाखला मागितला म्हणून अंगठी तपासणीला गेली आणि दाखल्यावर शब्द आला, 'सिंथेटिक'.

विक्रेत्याने खडा बदलून आपल्याला फसवले, असा त्यांचा पहिला समज झाला. पण पंजे कधी उघडल्याची खूण नव्हती, नव्या डागाची जागा नव्हती. अंगठी घडली त्या दिवशीच तो खडा तिच्यात बसला होता. तो खाणीतून आला नव्हता, कारखान्यातून आला होता, एवढेच.

दागिना जुना म्हणजे खडा खाणीतला, ही आपल्या बाजारातील समजूत किती महाग पडते ते यावरून दिसावे. मोठ्या पेढीला असा एखादा फटका पचतो. लहान व्यापाऱ्याचे आणि कारागिराचे मात्र वर्षाचे भांडवल त्यात अडकून पडते.

शंभर वर्षांपूर्वीचा कारखाना

पॅरिसमधील रसायनशास्त्रज्ञ ऑगस्त व्हर्नुई यांनी माणिक तयार करण्याची आपली रीत १९०२ साली जाहीर केली. ॲल्युमिनियम ऑक्साइडची अतिशय बारीक पूड घ्यायची, रंगासाठी तिच्यात किंचित क्रोमियम घालायचे आणि ती ऑक्सिजन व हायड्रोजनच्या ज्योतीतून वरून खाली सोडायची. दोन हजार अंशांवरच्या उष्णतेत पूड वितळते, खालच्या दांडीवर थराथराने साचते आणि काही तासांत बोटाएवढा लाल कांडा तयार होतो. खाणीतल्या माणकातही हेच ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि हेच क्रोमियम असते. त्यामुळे कठीणपणा तोच, वजनाचे प्रमाण तेच, चकाकी तीच. थोड्याच वर्षांत हा माल युरोपच्या बाजारात पसरला. १९१० च्या सुमारास लोखंड आणि टायटॅनियम घालून त्याच भट्टीतून नीलमही निघू लागला.

१९१० ते १९४० या काळातील विलायती दागिन्यांत, विशेषतः चौकोनी बारीक माणिक-नीलम एकाला एक चिकटून बसवलेल्या नगांत, हे कारखानी खडे वारंवार सापडतात. प्रत्येक वेळी ती लबाडीच होती असे समजू नये. वीस-तीस खडे एकाच रंगाचे, एकाच मापाचे हवे असतील तर खाणीतल्या मालातून ते जुळवणे फार कठीण, कारखान्यातून सोपे. त्यामुळे मधला मोठा खडा नैसर्गिक आणि भोवतालचे बारीक खडे सिंथेटिक, असाही मिश्र माल आढळतो. एक खडा तपासून साऱ्या दागिन्याचा निकाल लावणे म्हणूनच धोक्याचे आहे. आपल्या देशातही असे खडे पाडण्याचे काम जुने आहे. तामिळनाडूतील तिरुचिरापल्लीच्या आसपास सिंथेटिक खड्यांना पैलू पाडण्याचा घरगुती धंदा अनेक कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या केला.

आता 'टेस्टेड रुबी' या शब्दांकडे पुन्हा पाहावे. विक्रेता खोटे बोलला होता का? त्याच्याजवळच्या यंत्राने 'रुबी' असे दाखवले असेल आणि ते बरोबरही असेल. सिंथेटिक रुबी ही रुबीच आहे, काच नव्हे. खिशात मावणारी बहुतेक यंत्रे पदार्थ कोणता ते सांगतात, तो खाणीतला की भट्टीतला ते सांगत नाहीत. वर्णनात 'नॅचरल' हा शब्द नसेल तर तो का नाही, हे पैसे देण्याआधी विचारले पाहिजे. 'लॅब क्रिएटेड' आणि 'सिंथेटिक' यांचा अर्थ एकच. 'सिम्युलेटेड' म्हणजे नुसता दिसायला तसा, बहुधा काच किंवा दुसराच पदार्थ. 'अँटिक फिनिश' असे लिहिलेला दागिना काल घडवून काळवंडवलेला असू शकतो.

भिंगातून काय दिसते

दहापट दाखवणारे चांगले भिंग आणि सवय असली तर व्हर्नुईच्या भट्टीतला खडा पुष्कळदा ओळखता येतो. कांडा वाढताना त्याचा माथा घुमटासारखा गोल असतो, म्हणून रंगाचे थरही गोलाईने बसतात. असा खडा पांढऱ्या कागदासमोर धरून, जमल्यास पाण्यात बुडवून, निरनिराळ्या बाजूंनी फिरवला तर आत जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या रेघांसारख्या वक्र रेघा दिसतात. निसर्गात माणकाचा स्फटिक सरळ कडांनी वाढतो. त्यातल्या रंगाच्या पट्ट्या सरळ असतात आणि कोनात वळतात, त्या वक्र कधीच नसतात. वक्र रेघ स्पष्ट दिसली की निकाल लागला. हवेचे गोल बुडबुडे दिसले तर खडा भट्टीतला, काचेचा किंवा आत काच भरलेला असल्याचा संशय घ्यावा.

उलट, आत रेशमाच्या धाग्यांसारख्या बारीक सुया एकमेकींना साठ अंशांच्या कोनात छेदत असतील तर खडा खाणीतला असण्याची शक्यता मोठी. मात्र फार तापवलेल्या खड्यात हे रेशीम विरघळून जाते.

येथे अर्धवट माहितीचा धोका सांगितलाच पाहिजे. 'आत जाळे आहे, तडा आहे, म्हणजे माल खाणीतला' असे जुने लोक म्हणत. ती खूण आता चालत नाही. सिंथेटिक खडा तापवून एकदम थंड केला की त्यातही तडे पडतात आणि ते मुद्दाम पाडले जातात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या फ्लक्स पद्धतीच्या माणकात तर निसर्गातल्यासारखीच बोटांच्या ठशांची नक्षी दिसते. वक्र रेघ सापडणे हा पुरावा आहे, न सापडणे हा पुरावा नाही. तेथे भिंग खाली ठेवून प्रयोगशाळेत जावे. जयपूरला १९७२ पासून रत्नपरीक्षेची प्रयोगशाळा आहे, मुंबईतही सोय आहे. तपासणीची फी खरेदीच्या किमतीतच धरावी.

कोंदण मागून बंद असेल तर अडचण वाढते. कुंदन-जडावाच्या कामात खड्याखाली चमकदार वर्ख असतो. फिका खडा त्यामुळे गडद दिसतो आणि साधी काचही माणकासारखी झळकते. अशा दागिन्याचा खडा काढल्याशिवाय पक्का निकाल देणे प्रयोगशाळेलाही नेहमी जमत नाही. मोबाईलवरच्या फोटोवरून तर नाहीच नाही.

भट्टीच्या आधीही नकला होत्याच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून काचेच्या खड्यावर लाल गोमेदवर्गी दगडाची, म्हणजे गार्नेटची, पातळ चकती वितळवून जोडत. तो खडा निळा, हिरवा, कसलाही असो, सपाट तोंड खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवला की कडेला लाल कडी दिसते. ही परीक्षा फुकट आहे आणि सुट्या खड्यावर लगेच करता येते. शिवाय याकूत आणि लाल यांचा घोटाळा तर शतकानुशतकांचा आहे. जहांगीर बादशहाचे नाव कोरलेली, आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात असलेली 'तैमूर रुबी' माणिक नसून लाल, म्हणजे स्पिनेल आहे. अकराव्या शतकात अल-बिरुनी यांनी रत्नांवरच्या आपल्या 'किताब अल-जमाहिर' या ग्रंथात खडे पाण्यात तोलून त्यांच्या वजनाचे प्रमाण नोंदवले आणि याकूत लालापेक्षा भारी भरतो हे दाखवले. हीच परीक्षा आजही सुट्या खड्याला लागू पडते. माणिक पाण्याच्या ४ पट, स्पिनेल ३.६ पट, साधी काच अडीच पटीच्या आसपास. पण भट्टीतले माणिकही ४ पटच भरते, त्यापुढे तराजूचे काही चालत नाही.

खड्याच्या वर्गाची जन्मतारीख ठाऊक असली तर आणखी एक गोष्ट कळते. ज्याला आपण अमेरिकन डायमंड म्हणतो तो क्युबिक झिर्कोनिया बाजारात १९७६ च्या सुमारास आला, मॉयसनाइट १९९८ साली. आजीच्या काळचा म्हणून विकलेल्या दागिन्यात यांपैकी काही निघाले तर एक तर खडा बदललेला आहे किंवा दागिनाच नवा आहे. बसऱ्याच्या मोत्यांचेही तसेच. जपानी कल्चर मोती १९२० नंतर जगभर पसरले, तेव्हा जुनी नथ म्हणजे बसराच असे धरू नये. भोकाच्या तोंडाशी भिंगातून आतल्या गोळीची आणि वरच्या थराची सीमारेषा कधी कधी दिसते, नाहीतर एक्स-रे.

हॉलमार्क आणि पावती

सोन्याचे हॉलमार्किंग १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. काही बांधव हॉलमार्क पाहून खड्याविषयीही निर्धास्त होतात. हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचा आहे, खड्याशी त्याचा संबंध नाही. कुंदन, पोलकी आणि जडाव दागिन्यांना तर त्या सक्तीतूनही सूट आहे.

कारागीर बांधवांसाठी एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गिऱ्हाईक मोबाईलवरून जुना दागिना घेते, तुमच्याकडे पंजा दुरुस्तीला आणते, आणि सहा महिन्यांनी प्रयोगशाळा 'सिंथेटिक' म्हणते. मग आरोप कोणावर येतो? ज्याने अखेरचा हात लावला त्याच्यावर. म्हणून पावतीवर 'माणिक ७' असे कधीही लिहू नये. 'लाल खडे ७' असे लिहावे, वजन लिहावे, कोठे टवका आहे ते लिहावे, गिऱ्हाइकासमोर फोटो काढावा आणि त्याची सही घ्यावी. वक्र रेघ दिसली तर काम हाती घेण्यापूर्वीच सांगावे, नंतर सांगितलेले कोणी ऐकून घेत नाही.

दुसरा धोका आगीचा. २००४ च्या सुमारापासून तड्यांत शिशाची काच भरलेले माणिक बाजारात आले आणि जुन्या दागिन्यांतही बदली म्हणून बसवले गेले. भिंगाखाली त्यात चपटे बुडबुडे आणि निळसर झळक दिसते. असा खडा दिवटीच्या तावात खराब होतो, तेजाबात खराब होतो, लिंबाच्या रसानेसुद्धा त्याचे तोंड खरवडले जाते. अस्सल माणकालाही टाकणखार लावून ताव दिला तर वरची चमक जाते. डाग देण्याआधी खडा काढणे हाच सुरक्षित मार्ग.

खरेदी करताना विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा, उजेडासमोर धरलेला, भिंगातून घेतलेला फोटो मागावा. 'नॅचरल' असल्याचे लेखी घ्यावे आणि प्रयोगशाळेचा दाखला येईपर्यंत माल परत करण्याची मुदत ठरवून घ्यावी. पार्सल उघडताना चित्रीकरण करावे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. पण हे संरक्षण ग्राहकाला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा ग्राहकाच्या व्याख्येत बसत नाही. व्यापाऱ्याला आधार फक्त लेखी कराराचा, आणि आमच्या परिचितांकडे लेखी होते ते फक्त 'टेस्टेड रुबी'.

विक्रेत्याने माल परत घेतला नाही. अंगठी त्यांनी खड्यासकट तशीच ठेवली आणि पुढे 'सन १९२५ च्या सुमाराची अंगठी, खडा सिंथेटिक माणिक' असे बिलावर स्पष्ट लिहून सोने आणि घडणीच्या भावाने विकली. २९ हजार हाती आले. घेणाऱ्या बाई जुन्या घडणीच्या शौकीन होत्या. दाखला वाचून त्यांनी तो जपून ठेवण्यासाठी मागून घेतला.