मोटारीचे ब्रेक

घाट उतरतांना मोटारींतील सर्वांचे प्राण ब्रेकच्या हातीं असतात. म्हणून त्याच्या सूचना ओळखाव्या. पेडल स्पंजासारखें मऊ लागलें, तर नळ्यांत हवा शिरली असें समजावें. ऑइल दाबून आकसत नाहीं, हवा आकसते. ती काढवून घ्यावी. दाबून धरलेलें पेडल हळूहळू खालीं जाऊं लागलें, तर ऑइल गळत असण्याचा संभव असतो. अशी गाडी हांकूं नये. ब्रेक किंचाळूं लागला, तर बहुधा पॅड झिजलेले असतात. दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावे. उतारावर सतत दाबलेला ब्रेक तापून निकामी होतो. तेथें खालचा गियर घालावा. विद्यार्थ्यांस आम्ही एवढेंच सांगूं: मोठ्या अपघातापूर्वीं लहान सूचना मिळते. ती ऐकावी, यंत्राची तशीच सदसद्विवेकबुद्धीचीही.